हाताने बसवलेलं पिस्तूल आणि कारखान्यातलं पिस्तूल: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

निपाणीच्या एका तरुणाने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्याचा आतेभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याला '१९११' नावाच्या जुन्या अमेरिकी पद्धतीचं, पॉइंट पंचेचाळीसचं (म्हणजे .४५ इंच नळीचं) पिस्तूल घ्यायचं आहे. कारखान्यातलं साधं नऊशे डॉलरच्या आसपास मिळतंय, आणि एकाच कारागिराने पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने बसवलेलं साडेचार हजारांना. पाचपट पैसे द्यावेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा घरचा आहे. आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट .३२ पिस्तूल वारसाहक्काने वडिलांच्या परवान्यावर आलंय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला ओळखीचा एक वर्कशॉपवाला म्हणतोय, "स्लाइड हलते की ही. आणून द्या, घट्ट बसवून देतो, किंमत वाढेल." (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते काम या आठवड्यात होऊनही जाईल. देऊ नका. त्या माणसाच्या हातात कितीही कसब असलं तरी देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे पिस्तूल बनवायला परवाना लागतो तसाच ते दुरुस्त करायला आणि त्यात बदल करायलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाचं उल्लंघन झालं तर किमान सात वर्षांची शिक्षा आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ओळखीतल्या भल्या माणसाला आणि स्वतःच्या वडिलांना त्यात ओढू नका. शिवाय किंमत वाढण्याचं जे सांगितलंय तेही खरं नाही. ते का, हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून आपोआप कळेल.

मी बेळगावचाच. आयटीआयला फिटर ट्रेड केला, दोन वर्षं एका टूलरूममध्ये कानस चालवली, मग फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा झालो आणि एकवीस वर्षं हत्यारंच उघडली-जोडली. निवृत्तीनंतर परत मशीनशॉपमध्ये आहे, आणि रविवारी पोरापोरींना दहा मीटर एअर पिस्तूल शिकवतो. दोन्ही बाजू हाताखालून गेल्या आहेत म्हणून लिहितोय.

फौजेत आमच्याकडे ९ एमएम १ए पिस्तूल असायचं. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं हे पिस्तूल मूळच्या ब्राउनिंग हाय-पॉवरवरून आलेलं. तपासणीच्या दिवशी ताडपत्रीवर दहा पिस्तुलं उघडी पडलेली असत. एकाची स्प्रिंग मोडली की दुसऱ्या पेटीतली काढून घालायची, पाच मिनिटांत काम संपलं. भाग अदलाबदल करता येणं हाच त्या पिस्तुलाचा मोठा गुण होता. लडाखमधल्या चौकीवर कानस घेऊन बसायला कुणाला वेळ आहे?

त्याच सवयीने मी एकदा मोठी चूक केली. युनिटच्या नेमबाजी संघाकडे पॉइंट बावीसची दोन जुनी परदेशी टार्गेट पिस्तुलं होती, एकाच बनावटीची. मी दोन्ही एकाच टेबलावर उघडली, साफ केली, तेल दिलं, जोडली. दुसऱ्या दिवशी रेंजवर दोन्ही चालली, अडकली नाहीत. पण आदल्या आठवड्यात पंचवीस मीटरवर रुपयाच्या नाण्याभोवती बसणाऱ्या गोळ्या आता बशीएवढ्या पसरल्या. संघातला सुभेदार तीन दिवस स्वतःचा श्वास, स्वतःची पकड तपासत बसला. शेवटी आमच्या उस्तादांनी दोन्ही पिस्तुलं उघडली आणि स्लाइडच्या आतल्या बाजूला कोरलेले बारीक आकडे मला दाखवले. मी स्लाइडी बदलल्या होत्या. पिस्तुलं दिसायला जुळी होती, पण प्रत्येकाची स्लाइड त्याच्याच फ्रेमवर, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर, घासून बसवलेली होती. हाताने बसवणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो.

बेळगावात हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं काम करणाऱ्यांना हे एका वाक्यात समजेल. व्हॉल्व्हच्या बॉडीतलं बोअर आणि त्यात सरकणारा स्पूल यांच्यात पाच-दहा मायक्रॉनची फट ठेवावी लागते. बोअर होन करायचं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचं, माप घ्यायचं, आणि त्या मापाला जुळणारा स्पूल त्याच बॉडीला द्यायचा. जोडी ठरली की ठरली. शेजारच्या बॉडीतला स्पूल यात घातला तर एक तर तेल गळेल, नाही तर स्पूल अडकेल. हाताने बसवलेलं पिस्तूल म्हणजे अशा पाच-सात जोड्या एका ठिकाणी.

आता १९११ चं बघू. हे जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं, म्हणून ते नाव. गोळी सुटली की बॅरल (नळी) आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे जातात, मग बॅरलचा मागचा भाग खाली झुकून सुटतो, स्लाइड एकटी आणखी मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत जातं आणि बॅरल परत वर येऊन स्लाइडमध्ये अडकतं. नेमबाजीचा सगळा प्रश्न या शेवटच्या पावलात आहे. बॅरल दर वेळी त्याच जागी परत येतं का? त्याला धरणाऱ्या जागा तीन: वरच्या बाजूचे लग (स्लाइडच्या खाचांत बसणारे दाते), तोंडाशी असलेलं बुशिंग (कडं), आणि खाली स्लाइड-स्टॉपच्या पिनेवर टेकणारे पाय. कारागीर निळा रंग लावून बघतो, कुठे टेकतंय, कुठे नाही, आणि जिथे खरोखर टेकतंय तिथलं धातूचं पापुद्र्याएवढं काढतो. परत जोडतो, परत बघतो. हे काम तासांचं नाही, दिवसांचं आहे. अमेरिकेत आर्कान्सामधल्या बेरीव्हिल नावाच्या छोट्या गावात अशी कामं करणाऱ्या दोन नामांकित कंपन्या आहेत, विल्सन कॉम्बॅट आणि नाइटहॉक. नाइटहॉकमध्ये तर एक पिस्तूल एकच कारागीर पूर्ण करतो आणि त्यावर आपली खूण उमटवतो. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. साडेचार हजारांतला मोठा हिस्सा त्या दिवसांच्या मजुरीचा आहे, आणि ती मजुरी रास्त आहे.

पण गिऱ्हाईक दुकानात काय करतं? पिस्तूल कानाशी धरून हलवतं. खुळखुळ आवाज आला नाही की खूश. तो आवाज बहुतेक वेळा स्लाइड आणि फ्रेम यांच्यातल्या फटीचा असतो, आणि नेमक्या त्याच फटीचा अचूकतेवर परिणाम सगळ्यात कमी (त्या पॉइंट बावीसच्या पिस्तुलांची रचना वेगळी होती). विचार करून बघा. पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही स्लाइडवर आहेत. बॅरल स्लाइडमध्ये पक्कं बसलं असेल तर तुमची नजर आणि नळी एकमेकांना धरून आहेत. खालची फ्रेम दोन थाऊ हलली, म्हणजे साधारण पन्नास मायक्रॉन, तरी फार बिघडत नाही. उलट बॅरल ढिलं आणि स्लाइड घट्ट असेल तर पिस्तूल हातात मखमलीसारखं सरकेल आणि गोळ्या वाटेल तिथे जातील. वर्कशॉपवाल्याने जी स्लाइड घट्ट करून देतो म्हटलंय ती हीच जागा. म्हणजे जिथे हात लावून सगळ्यात कमी मिळतं, तिथे तो हात लावणार.

दुसरं म्हणजे, ती फट मुद्दाम ठेवलेली असते. लढाईतली १९११ पिस्तुलं हलवली की वाजत, आणि चिखलात पडून उचलली तरी चालत. आपल्या खानापूरकडची लाल माती पावसाळ्यात कशी चिकटते ते सांगायला नको. घट्ट बसवलेली स्लाइड अडकायला तेवढी पुरते. नवं घट्ट पिस्तूल रुळायला काही शे गोळ्या झाडाव्या लागतात, आणि तोवर मधूनमधून अडकणं हे त्याचं चालतंच. आतेभाऊ जर स्वसंरक्षणासाठी घेत असेल तर हे त्याने नीट ऐकावं.

ट्रिगरचं काम ही मात्र वेगळी गोष्ट. हातकाम नवख्यालाही जाणवतं ते इथे. कारखान्यातला ट्रिगर ओढताना खरखरतो, अडखळतो. चांगल्या कारागिराचा ट्रिगर काचेची काडी मोडावी तसा सुटतो. हॅमर आणि त्याला ट्रिगर ओढेपर्यंत अडवून धरणारा सीअर एकमेकांवर जिथे टेकतात ती धार फार बारीक असते, आणि तिथल्या कडक थराखाली मऊ धातू असू शकतो. जरा जास्त घासलं की तो थर जातो, धार झिजत राहते, आणि एक दिवस बोट न लावता हॅमर पडतो. म्हणून मी सांगतो, हातकामाचे पैसे द्यायचेच असतील तर कुणाच्या हाताचे ते बघून द्या. अर्धवट येणाऱ्या हाताने बिघडवलेल्या पिस्तुलापेक्षा कारखान्याचं खरखरीत पिस्तूल शंभर पटींनी बरं.

या सगळ्याला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक मोठा फरक पडला आहे, आणि तो आपल्या उद्यमबागेत आणि मच्छ्यातही डोळ्यांसमोर घडला. मी टूलरूमला लागलो तेव्हा दोन शतांश मिलिमीटरचं माप सतत धरायला जुना फिटर लागायचा. आता सीएनसी मशीन ते पहिल्या जॉबपासून शेवटच्या जॉबपर्यंत धरतं, आणि ऑपरेटर पोरगा बावीस वर्षांचा असतो. स्वित्झर्लंडचं सिग पी२१० हे याचं उत्तम उदाहरण. १९४९ मध्ये स्विस सैन्याने घेतलेलं हे पिस्तूल अचूकतेसाठी जगभर नावाजलं गेलं. त्यात स्लाइड फ्रेमच्या आतून धावते आणि जुन्या काळी जोडीजोडीने बसवली जायची. आता त्याच नावाचं पिस्तूल मशीनवर बनतं आणि बहुतेक नेमबाजांना त्यातला फरक हाताला कळणार नाही. चेक बनावटीचं सीझेड शॅडो २ घ्या. खोक्यातून काढून लोक थेट स्पर्धेत उतरतात. पूर्वी जिथे पोचायला कारागीर लागायचा, तिथवर कारखाना पोचला आहे. कारागीर त्याच्या पुढची शेवटची एक-दोन पावलं चालतो, आणि त्या पावलांचेच पैसे सगळ्यात जास्त.

आतेभावाला ती पावलं उपयोगी पडतील का? त्याला एक साधी परीक्षा सांगा. भाड्याने किंवा मित्राचं चांगलं पिस्तूल घेऊन वाळूच्या पिशवीवर टेकवून पंचवीस यार्डांवर दहा गोळ्या झाडायच्या, मग उभं राहून हाताने दहा झाडायच्या. टेकवून झाडलेल्या गोळ्या लिंबाएवढ्या जागेत आणि उभ्याने झाडलेल्या कलिंगडाएवढ्या जागेत पडत असतील, तर चूक पिस्तुलात नाही. छत्तीसशे डॉलरच्या फरकात, पॉइंट पंचेचाळीसचं एक काडतूस अर्ध्या डॉलरच्या आसपास धरलं, तर सात हजारांवर काडतुसं येतात. सात हजार गोळ्या मन लावून झाडलेला माणूस नऊशे डॉलरच्या पिस्तुलाने जे करेल ते नवखा माणूस साडेचार हजारांच्याने करू शकणार नाही. सात हजार झाडून झाल्यावरही त्याला वाटलं की आता पिस्तूलच मला मागे ओढतंय, तर त्याने खुशाल घ्यावं. तेव्हा त्याला पैशाची किंमत हाताला कळेल. आणि केवळ सुंदर वस्तू म्हणून, कारागिराच्या कामाची कदर म्हणून घ्यायचं असेल तर आज घेतलं तरी मी नाही म्हणणार नाही. पैठणी विणणाऱ्याला आपण मीटरचा दर विचारत नाही.

पण "विकताना जास्त येतील" म्हणून घेत असेल तर थांबवा. पिस्तुलाची बाजारातली किंमत आणि त्यातलं काम यांचा संबंध लोकांना वाटतो तसा सरळ नसतो. शिवणयंत्रवाल्या सिंगर कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारसाठी १९११ए१ ची फक्त पाचशे पिस्तुलं बनवली. कारखान्यातली, युद्धाच्या तयारीची. सरकारने मग सिंगरला दुसरं काम दिलं आणि तिथे ती बनणं बंद झालं. आज त्यातलं एखादं चांगल्या अवस्थेत लिलावात आलं तर कोणत्याही नव्या हातकामाच्या पिस्तुलाच्या कित्येक पट किंमत घेतं. त्याला मोल आहे ते कमी संख्येचं, आणि त्याला नंतर कुणी हात न लावल्याचं.

जर्मन लुगर पी०८ चं उलटं उदाहरण. ते बनवताना भाग हाताने जुळवावे लागत, म्हणून छोट्या छोट्या भागांवरही पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत. (इतकं खर्चिक काम परवडेना म्हणून पुढे जर्मनीने वॉल्थर पी३८ घेतलं.) आजचा संग्राहक भिंग घेऊन ते आकडे तपासतो. सगळे जुळले तर एक किंमत, एक जरी दुसऱ्याचा निघाला तर किंमत घसरली. माझ्या हातून झालेली ती स्लाइडींची अदलाबदल लुगरमध्ये झाली असती आणि कुणाच्या लक्षात आली नसती, तर दोन पिस्तुलांचं मोल कायमचं गेलं असतं.

ओळखीच्या कारागिराकडून स्वतःच्या आवडीने करून घेतलेले बदल तर विकताना जवळजवळ शून्यात धरले जातात. घेणाऱ्याचा हात वेगळा, आवड वेगळी. कामाचा कागद, कारागिराचं नाव, मूळ भाग सांभाळून ठेवलेले असतील तर थोडंफार मिळतं.

आपल्याकडचा हिशेब आणखी निराळा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. २०१९ नंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. ९ एमएम तर नागरिकांना प्रतिबंधित. त्यामुळे पूर्वी आलेली वेब्ली, वॉल्थर अशी .३२ ची पिस्तुलं इथे लाखांत बोलली जातात, आणि तीच परदेशात जुन्या बाजारात कितीतरी स्वस्त मिळतात. इथली किंमत टंचाईची आहे. निपाणीच्या घरातल्या वेब्लीला जे मोल आहे ते त्याच्या कागदांना, जुळणाऱ्या नंबरांना, बर्मिंगहॅमच्या चाचणीच्या शिक्क्यांना आणि मूळ पॉलिशला आहे. कानस लागली की यातलं काय काय जाईल ते तुम्हीच मोजा. त्याची स्लाइड हलते ती शंभर वर्षांपूर्वीही थोडी हलतच होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं .३२ काडतूस ते नीट घेतंय आणि नीट बाहेर टाकतंय ना, एवढं परवानाधारक आर्मररकडून बघून घ्या. न घेतल्यास बहुधा मॅगझिनचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असतात किंवा उजव्या मुठीखालची इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग थकलेली असते.

हाताने बसवण्याची हौस असलेल्यांसाठी आपल्याकडे एक कायदेशीर आणि फार समाधानाची जागा आहे: स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ. हे पिस्तूल पूर्ण कारखान्यातलं असतं. सोबत चाचणीचं टार्गेट येतं, त्यावर पाच गोळ्यांचं जवळजवळ एकच भोक असतं. दहा मीटरवरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे पिस्तूल त्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. तो बदलून पुन्हा उभं राहीपर्यंत मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. तरी भाग बदलता तरी आला, कारण तो कारखान्याच्या मापाचा होता. तीच मुलगी पॅरिसमध्ये २०२४ ला दोन ब्राँझ घेऊन आली.

पण मूठ मात्र प्रत्येकाची वेगळी. टिळकवाडीची एक चौदा वर्षांची मुलगी माझ्याकडे येते. तिच्या गोळ्या सारख्या खाली उजवीकडे जायच्या. घरच्यांना वाटलं, नवं पिस्तूल घ्यावं लागणार, आणि ते दोन लाखांच्या घरातलं. मी तिच्या तळहाताला निळा खडू लावून मूठ धरायला सांगितली. अंगठ्याच्या मुळाशी लाकूड टेकतच नव्हतं, आणि करंगळीखाली नको तेवढं दाबत होतं. लाकडात भरायची लुगदी आणि अर्धगोल कानस, एवढ्यावर तीन रविवार गेले. थोडं भरायचं, वाळू द्यायचं, थोडं घासायचं, तिला वीस गोळ्या झाडायला लावायच्या, परत खडू. नियमाप्रमाणे सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या डब्यात बसलं पाहिजे आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, एवढं सांभाळलं. आता तिचा हात डोळे मिटूनही त्याच जागी बसतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ ला एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेव्हापासून आपल्या पट्ट्यात मुली या खेळाकडे वळल्या आहेत. त्यांच्या घरच्यांना मी हेच सांगतो: पिस्तूल चांगल्या कारखान्याचं घ्या आणि हातकाम मुठीवर करा.

निपाणीच्या मुला, शेवटचं तुझ्या घरच्या वेब्लीबद्दल. ते चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवलं असेल तर आजच बाहेर काढायला वडिलांना सांग. आपल्या जून-जुलैच्या पावसात चामडं ओल धरतं आणि आतल्या आत पॉलिश खातं. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, कोरड्या सुती कापडाने पुसायचं, हलका तेलाचा हात द्यायचा आणि सुती कापडातच गुंडाळून कुलपात ठेवायचं. पुसताना नंबर जिथे जिथे दिसेल तिथे तो परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा. एखादा आकडा चुकून नोंदला गेला असेल तर तो वडील असतानाच जिल्हाधिकारी कार्यालयातून दुरुस्त करून घ्या, वारसाच्या वेळी फार त्रास होतो.